पुस्तक आवडले, पण नेमके कोणते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत वाचक नुकत्याच वाचलेल्या पुस्तकांवर लिहितात, त्या सदरासंबंधी हे पत्र आहे. सोमवार-मंगळवारी त्याची कात्रणे घेऊन लोक वाचनालयांच्या देवघेव विभागात येतात. तालुक्याच्या आणि गावच्या लहान वाचनालयांत ग्रंथखरेदीची यादी करतानाही ही कात्रणे समोर असतात. म्हणजे शंभर-दीडशे शब्दांच्या त्या मजकुरावर कुणाचे तरी पैसे आणि आठ-दहा दिवसांचे वाचन अवलंबून असते. म्हणूनच त्यात ‘अप्रतिम’, ‘ओघवती शैली’, ‘खिळवून ठेवणारे’, ‘संग्राह्य’ एवढेच वाचायला मिळाले की फार वाईट वाटते. हे शब्द खोटे नसतात, लिहिणाऱ्याला पुस्तक मनापासून आवडलेले असते. पण ते कुठल्याही पुस्तकाला लागू पडतात, आणि कात्रण आणणाऱ्याला तर या एकाच पुस्तकाविषयी ठरवायचे असते.

अडचण नावापासूनच सुरू होते. ‘युगान्त’ वाचले, फार आवडले, असे कुणी लिहिले तर ते इरावती कर्वे यांचे महाभारतावरचे लेख की महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’पासूनच्या त्रिनाट्यधारेतले तिसरे नाटक? दशांश वर्गीकरणात, म्हणजे विषयावरून पुस्तकांना क्रमांक देण्याच्या वाचनालयांच्या पद्धतीत, मराठी नाटक 891.462 वर असते, महाभारतावरचे लेखन 294.5923 वर. दोन्ही पुस्तके दोन वेगळ्या कपाटांत, बहुधा दोन वेगळ्या खोल्यांत. लेखकाचे नुसते आडनाव दिले तरी भागत नाही. जोशी, कुलकर्णी, पाटील, कांबळे या आडनावांखाली कुठल्याही बऱ्या वाचनालयात पानेच्या पाने नोंदी निघतात. टोपणनावांचे तर विचारूच नका. कवितासंग्रहावर कुसुमाग्रज आणि नाटकावर वि. वा. शिरवाडकर, ही दोन नावे एकाच माणसाची, हे जुन्या वाचकाला ठाऊक असते, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला ते ठाऊक असेलच असे नाही. तेव्हा मुखपृष्ठावर छापले आहे तसे पूर्ण नाव द्यावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आवृत्ती, आणि नेमकी तीच जवळजवळ कुणी लिहीत नाही. शीर्षकपान उलटले की मागे बारीक टायपात सगळे छापलेले असते: पहिली आवृत्ती कधीची, हातातली कितवी, पुनर्मुद्रण कोणत्या साली, प्रकाशक कोण. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला. नव्या आवृत्तीत मजकूर बदललेला, वाढलेला, कधी कमी केलेलाही असू शकतो. ‘माझा प्रवास’चे उदाहरण घ्या. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात होते. त्यांनी लिहून ठेवलेली हकीकत चिं. वि. वैद्य यांनी 1907 साली छापली, पण मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती 1966 साली आली. आता एकाने लिहिले की भाषा सरळ आणि आजच्यासारखी वाटते, आणि दुसऱ्याने लिहिले की भाषा जुनी, ओबडधोबड पण जिवंत आहे, तर दोघेही खरे बोलत असतील. दोघांच्या हातात वेगवेगळा मजकूर आहे, इतकेच. आवृत्ती लिहिली नाही तर या मतभेदाला काही अर्थच उरत नाही.

प्रताधिकार (कॉपीराइट) संपलेल्या पुस्तकांत हा घोळ आणखी वाढतो. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरचे वर्ष सुरू झाल्यापासून 60 वर्षे प्रताधिकार चालतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून त्यांची पुस्तके 1 जानेवारी 2011 पासून कुणालाही छापता येऊ लागली. तेव्हापासून त्यांच्या एकाच पुस्तकाच्या कितीतरी प्रकाशकांच्या प्रती दुकानात दिसतात, आणि त्या सारख्या नसतात. काहींत मुद्रितशोधन झालेलेच नसते, काही मुलांसाठी संक्षिप्त केलेल्या असतात आणि ‘संक्षिप्त’ हा शब्द आतल्या पानावर दडलेला असतो. एखादे प्रकरण सापडत नाही म्हणून वाचक लेखकाला दोष देतो, तेव्हा आधी प्रत तपासावी. ‘अमुक प्रकाशकाची प्रत घ्या, तमुक घेऊ नका, तिच्यात पानोपानी चुका आहेत’ हे एक वाक्य अभिप्रायात आले तर त्याची किंमत सगळ्या विशेषणांपेक्षा जास्त आहे.

अनुवादित पुस्तकावर लिहिताना अनुवादकाचे नाव गाळणे हा अन्याय तर आहेच, शिवाय ती चूकही आहे. भैरप्पांची ‘पर्व’ ही कन्नड कादंबरी मराठीत वाचून वाचक लेखकाच्या भाषेचे कौतुक करतो, पण त्याने वाचलेले एकेक मराठी वाक्य उमा कुलकर्णी यांचे असते. अनुवाद मूळ भाषेतून थेट केला आहे की इंग्रजीवरून, हेही शीर्षकपानामागे किंवा मनोगतात बहुधा सापडते. तेही नोंदवावे.

आता मतापाशी येऊ. हे कसे दिसावे, ते ‘युगान्त’वरच दाखवतो. नेहमीचा अभिप्राय असा असतो: “महाभारतातील व्यक्तिरेखांचे अतिशय सुंदर विश्लेषण. लेखिकेची अभ्यासपूर्ण मांडणी मनाला भिडते. प्रत्येकाने वाचावे असे पुस्तक.” याच जागेत थोडी भर घालून असे लिहिता येईल:

“इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’, पहिली आवृत्ती 1967. गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण अशा महाभारतातल्या व्यक्तींवरचे लेख. कुठूनही वाचता येतात, पण मूळ कथा मोटामोटी माहीत हवी, ती इथे सांगितलेली नाही. लेखिकेने भांडारकर संस्थेच्या, अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीचा आधार घेतला आहे, त्यामुळे कीर्तनांतून आणि मालिकांतून ऐकलेल्या बऱ्याच गोष्टी इथे भेटत नाहीत. विदुर हाच धर्मराजाचा पिता असावा, हा तर्क वाचण्यासारखा आहे, मला तो पटला नाही. विदुर मरताना धर्मराजाच्या शरीरात शिरतो, या प्रसंगावर त्याचा फार भार आहे. गांधारीच्या लेखातले संवाद आणि द्रौपदीच्या लेखाचा शेवट लेखिकेने कल्पनेने रचलेला आहे. तो व्यासांचा समजून पुढे पाठवू नये.”

दुसऱ्या मजकुरात एकही विशेषण जोरात वाजत नाही. तरी पुस्तक काय आहे, कुणी घ्यावे, वाचायला बसताना काय माहीत असावे आणि लिहिणाऱ्याचे कुठे अडले, हे सगळे त्यात आले. ‘पटले नाही’ याच्यामागे कारणही आले. कारण दिले की वाचणारा स्वतः ते पान उघडून पडताळू शकतो. माझ्या मते न पटल्याचे कारण हाच अभिप्रायाचा सर्वांत मोलाचा भाग. लोक तोच भिडेखातर गाळतात.

असे लिहायचे तर वाचतानाच थोडी तयारी हवी. पुस्तक वाचनालयाचे असेल तर त्यात पेन्सिलीनेसुद्धा खुणा करू नयेत आणि पाने दुमडू नयेत. दोन बोटे रुंद, पुस्तकाच्या उंचीची कागदी पट्टी कापून तीच खूण म्हणून वापरावी आणि तिच्यावरच पान क्रमांक व दोन-तीन शब्द टिपावेत: ‘64 विहिरीचा प्रसंग’, ‘112 तारीख जुळत नाही’. अडीचशे पानांच्या पुस्तकाला अशा सात-आठ नोंदी पुरतात. पंचवीस झाल्या तर आपण पुस्तक उतरवून घेतो आहोत असे समजावे. संपल्यावर एक रात्र जाऊ द्यावी आणि चार दिवसांच्या आत लिहावे. महिना उलटला की पात्रांची नावे आणि नाती चुकू लागतात, वाक्ये तर आपल्याच शब्दांत आठवतात. अवतरण द्यायचे तर पुस्तक समोर ठेवून, ऱ्हस्व-दीर्घासकट जसेच्या तसे, पान क्रमांकासह द्यावे. कवितासंग्रहातली अख्खी कविता उतरवू नये, दोन-चार ओळी पुरतात. बाकी कवीच्या पुस्तकात वाचू द्या.

वारंवार होणाऱ्या चुका आम्हा ग्रंथालयातल्या लोकांच्या लगेच लक्षात येतात. मलपृष्ठावरचा मजकूर शब्द इकडेतिकडे करून पाठवलेला असतो. पुस्तक हातात घेऊन उलटे केले की तो समोरच असतो. काही अभिप्रायांतली सगळी उदाहरणे पहिल्या वीस पानांतली, म्हणजे प्रस्तावनेतली असतात. प्रस्तावनाकाराचे मत वाचकाचे म्हणून छापले जाते. पुस्तक अर्ध्यावर सोडले असेल तर ‘पान 90 ला सोडले, कारण अमुक’ असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा काही नाही, उलट पुढच्याला उपयोग होतो. कादंबरीतले पात्र बोलते ते लेखकाचे मत समजून त्यावर रागावणे, हीही नेहमीची गफलत. कथानक किती सांगावे याला एक सोपे माप आहे: पहिल्या पाचव्या हिश्श्यापर्यंत. दोनशे पानांच्या कादंबरीत चाळिसाव्या पानापर्यंत जे घडते तेवढेच. रहस्यकथेत तेही नको. आणि लेखक नात्यातला, ओळखीचा किंवा आपल्या संस्थेतला असेल तर ते पहिल्याच ओळीत सांगावे. मग कौतुक कितीही करा, वाचणारा त्याचे वजन स्वतः ठरवील.

बोलीतल्या पुस्तकांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ती न वाचताच परत येतात. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधले (1960) संवाद वऱ्हाडीत आहेत. कोकणातला किंवा मुंबईतला वाचक पाच-सात पाने वाचतो, शब्द अडतात आणि पुस्तक मिटतो. अभिप्राय लिहिणाऱ्याने सांगावे की संवाद कोणत्या बोलीत आहेत, निवेदन कोणत्या भाषेत आहे, शेवटी शब्दार्थांची यादी आहे का, आणि कान लागायला किती पाने जावी लागतात. पहिली पंधरा-वीस पाने मोठ्याने वाचली तर बोली फार लवकर उलगडते. डोळ्यांना परका वाटणारा शब्द कानाला बहुतेक वेळा ओळखीचा निघतो. अहिराणी, मालवणी, झाडीबोली या सगळ्यांना हे लागू आहे.

पुस्तकाच्या अंगाविषयीही चार शब्द हवेत. अक्षर केवढे आहे, हे साठीपुढचे सभासद सर्वांत आधी विचारतात. दहा पॉइंटाच्या दाट ओळी असतील तर पुस्तक कितीही चांगले असो, ते घरी जाऊन तसेच परत येते. पाचशे पानांचे पुस्तक नुसत्या गोंदावर बांधलेले असेल तर दहा-बारा देवघेवींत पाठीशी तडकते आणि पाने सुटतात. शिलाई असेल तर वर्षानुवर्षे टिकते. वाचनालयाने मोठे पुस्तक घेताना हे बघावेच. बहुतेक पुस्तके 16 पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांच्या जुडग्यांनी, बांधलेली असतात, त्यामुळे बांधणीत चूक झाली तर एकदम 16 पाने गायब होतात, दोनदा येतात किंवा उलटी लागतात. दुकानातच 16 नंतर 17, 32 नंतर 33, 48 नंतर 49 असे क्रमांक भराभर पाहून घ्यावेत, दोन मिनिटांचे काम. चूक दिसली तर प्रत बदलून घ्यावी. ती एका प्रतीतली चूक असते, तिच्यावरून पुस्तकाविषयी मत देऊ नये.

आता आपल्याकडे मागणे. प्रत्येक अभिप्रायाच्या डोक्यावर तीन ओळींची चौकट द्यावी: पुस्तकाचे आणि लेखकाचे पूर्ण नाव, अनुवादक असल्यास त्याचे नाव, प्रकाशक, आवृत्ती व साल, पाने, किंमत. मुलांचे पुस्तक असेल तर कितवीच्या मुलाने ते स्वतः वाचले की मोठ्यांनी वाचून दाखवले, हेही. जागेसाठी मजकूर कापताना तो खालून कापू नये. मराठी वाचक सौजन्याने आधी कौतुक करतो आणि खटकलेले शेवटी लिहितो, त्यामुळे खालून कापले की नेमके तेच जाते आणि छापून येते निव्वळ कौतुक. विशेषणे कापा, शेवट ठेवा. वाचकांनीही खटकलेली गोष्ट तिसऱ्या-चौथ्या वाक्यातच लिहून टाकावी. महिन्यातून एक रविवार पन्नास वर्षांपूर्वीच्या पुस्तकांसाठी राखावा, कारण ती जुन्या वाचनालयांच्या कपाटांत आहेत, फुकट मिळतात, आणि कुणी नाव काढत नाही म्हणून दाखल नोंदवहीत नुसती पडून राहतात.

चौकटीला जागा कमी पडली तर लेखकाचे छायाचित्र काढावे. मुखपृष्ठाचे चित्र मात्र ठेवा, आणि शक्य तर रंगीत. कात्रण हरवलेला वाचक समोर येऊन ‘ते निळ्या मुखपृष्ठाचे, त्यावर होडी होती’ एवढेच सांगतो, आणि तेवढ्यावरही पुस्तक सापडते.

कळावे,
आपला,
एका तालुका वाचनालयाचा ग्रंथपाल