अकाझाची पूर्वकथा कापायची कशासाठी?

महोदय,

'डीमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल' हा १५५ मिनिटांचा जपानी अ‍ॅनिमेपट सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात प्रदर्शित झाल्यापासून आमच्या कुडाळ-सावंतवाडीकडच्या तरुण चाहत्यांत एकच वाद रंगला आहे : हा चित्रपट म्हणावा, की 'डीमन स्लेअर' याच दूरचित्रवाणी मालिकेचे भाग एकापुढे एक जोडलेले? लढत ऐन भरात असताना मध्येच येणाऱ्या पूर्वकथांमुळे वेग मंदावतो, हा आक्षेप खराच आहे. मात्र अकाझाची पूर्वकथा कापायला हवी होती, हे म्हणणे मला मुळीच पटत नाही. शिर तुटल्यावरही उभा राहणारा हा राक्षस, तो माणूस असताना विहिरीत विष कालवून मारल्या गेलेल्या कोयुकीची, त्याच्या वाग्दत्त वधूची, आठवण जागी होताच स्वतःवरच प्रहार करतो. ती कथा प्रेक्षकाला ठाऊक नसती, तर तो प्रहार निव्वळ अनाकलनीय ठरला असता. रात्रभर दशावतार पाहणाऱ्या आमच्या मुलखाला तरी हा संथपणा जड जाऊ नये. दिग्दर्शक हारुओ सोतोझाकी यांना कात्री लावायचीच होती, तर राक्षसांशी लढणाऱ्या झेनित्सू या तरुणाच्या लढतीतील आठवणी मालिकेसाठी राखून ठेवता आल्या असत्या. याच कथेच्या २०२० मधील 'मुगेन ट्रेन' चित्रपटाचेही पुढल्याच वर्षी मालिकेसाठी भाग पाडले गेले होते.

– एक वाचक, कुडाळ (सिंधुदुर्ग)