बाबांच्या गोळीची वेळ

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल व्हिडिओ कॉलवर बाबांच्या हातात दुधाच्या चहाचा कप आणि बशीत अर्धी गोळी दिसली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. फोनवर सांगू लागले की आई "हो हो" म्हणते आणि बाबा बातम्यांचा आवाज वाढवतात. कागद निदान फ्रिजवर लावून ठेवता येतो.

गेल्या वर्षी सही जुळत नाही म्हणून बाबांचा चेक परत आला, तेव्हा आपण सगळ्यांनीच ते वयावर ढकलले. अक्षर मुंगीएवढे होत जाणे हे पार्किन्सन्सचे लक्षण असते, हे मलाही निदान झाल्यावरच कळले. या आजारात मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींचे संदेश पोचवणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि डोपामिन बाहेरून दिले तरी ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून लेव्होडोपा देतात, जे आत जाऊन डोपामिन बनते, आणि ते वाटेतच खर्ची पडू नये यासाठी त्याच गोळीत कार्बिडोपा असते.

आता चहाचे. दूध, डाळ, अंडी यांतली प्रथिने पचली की त्यांचे घटक आतड्यातून आणि पुढे मेंदूत त्याच दाराने जातात ज्याने लेव्होडोपा जाते, आणि त्या गर्दीत गोळी मागे राहू शकते. म्हणून सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सात या वेळा पक्क्या धराव्यात, गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा किंवा जेवण अर्ध्या तासाने. मळमळले तर सोबत एखादे मारी बिस्किट चालेल, असे डॉक्टर म्हणाले आहेत. आई, याचा अर्थ बाबांची आमटी बंद करणे असा मुळीच नाही. फक्त दुपारचे पान दीड वाजता वाढ.

बाबा, तुम्ही आधीपासून रक्तदाबाची गोळी घेता आणि या औषधानेही उभे राहताना रक्तदाब उतरू शकतो, तेव्हा रात्री उठताना पलंगाच्या कडेला थोडे बसून मगच पाऊल टाका. उलट्या झाल्याच तर घरातली जुनी गोळी घेऊ नका. मेटोक्लोप्रामाइडसारख्या उलटीवरच्या काही औषधांनी कंप आणि ताठरपणा वाढतो. शेजारच्या काकांनी दिलेले खाजकुहिलीचे चूर्ण कपाटातच राहू द्या. ते थोतांड आहे असे मी म्हणत नाही, उलट त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असते, आणि म्हणूनच डॉक्टरांना न सांगता ते घेतले तर मात्रेचा हिशेब चुकतो. बरे वाटते म्हणून किंवा काहीच फरक नाही म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. ती एकदम थांबवणे धोक्याचे असते.

आणखी एक, केवळ आईसाठी. बाबांना शर्टाचे बटण लावायला पाच मिनिटे लागली तर लागू देत. तू पुढे होऊन लावतेस तेव्हा ते खिडकीबाहेर पाहू लागतात, हे मी दिवाळीत पाहिले आहे.

निळ्या वहीत रोज तारीख, गोळीची वेळ, बसून आणि उभे राहून मोजलेला रक्तदाब आणि त्याखाली बाबांची एक पूर्ण सही, एवढेच लिहा. पुढच्या तपासणीला मी येईन तेव्हा ती वही डॉक्टरांना दाखवू.

आपली,
धाकटी