जलचक्राच्या बाणांत उष्णता भर

सोलापूर

चि. मधुरा हिस,
अनेक आशीर्वाद.

विज्ञान प्रदर्शनासाठीचा तुझा आराखडा नीट पाहिला. समुद्र, ढग, डोंगर, नदी, निळे बाण, सगळं जागच्या जागी आहे. नाही ती फक्त उष्णता, आणि जलचक्र तर तिच्यावरच चालतं. पाणी वर जातं ते उष्णता घेऊन, आणि ढग होताना ती तिथे सोडून देतं. तेव्हा समुद्रातून वर जाणाऱ्या बाणाशेजारी आत येणारा लाल बाण काढ, ढगाशेजारी बाहेर जाणारा. आकडेही लिही: १ किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात, १ किलो उकळत्या पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६०.

हे नुसतं पाठ करू नकोस, करून बघ. अर्धा लिटर पाणी गॅसवर ठेव, आच बदलू नकोस. ३० अंशांवरून उकळी फुटायला जेवढा वेळ लागेल, त्याच्या साधारण साडेसातपट वेळ ते सगळं आटायला लागतो, आणि तेवढा वेळ थर्मामीटरचा पारा हलत नाही. गॅस जळतोय, तापमान वाढत नाही, मग उष्णता जाते कुठे? पाण्याच्या कणांना एकमेकांपासून सोडवण्यात. हीच सुप्त उष्णता. पारा १०० वर न जाता साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास थांबेल. थर्मामीटर बिघडलाय असं समजू नकोस. सोलापूर काय नि तुमचं अकलूज काय, समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच आहे, हवेचा दाब कमी म्हणून उकळीही लवकर. थर्मामीटर प्रयोगशाळेतला, ११० अंशांपर्यंतचा घे. तापाचा अजिबात नको, तो फुटेल.

आता प्रतिकृती. ४५ बाय ३० सेंटिमीटरची माशांची काचपेटी चालेल. आधी साडेतीन लिटर नळाचं पाणी ओत, त्यात पाव किलो मीठ विरघळव, मग ३ लिटर उकळतं पाणी हळूहळू घाल. पाणी ६० अंशांच्या आसपास येईल. क्रम उलटा केलास तर काच तडकेल. मीठ यासाठी की समुद्रात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. डोंगर शाडूचा करू नकोस, वाफेने खचतो, दगड रच. दगडांच्या बाजूला एक वाटी पाण्याच्या वर राहील अशी टेकवून ठेव. वरून स्टीलचं ताट झाक आणि त्यात किलोभर बर्फ ठेव.

इथे बहुतेकांचं एक चुकतं. ताट सपाट ठेवतात, मग थेंब जिथे धरतात तिथेच परत पाण्यात पडतात आणि वाटी कोरडी. वाटीच्या बाजूला ताट २ सेंटिमीटर खाली झुकव. ताटाचा खालचा भाग आधी चिंचेने घास. तुपातेलाचा अंश राहिला की पाणी थेंब-थेंब अडकून बसतं, स्वच्छ ताटाखाली ते पसरतं आणि उताराकडे ओघळतं. काचेवर धुकं धरून आतलं दिसेनासं होईल, म्हणून आतून भांडी धुण्याच्या द्रावणाचा थेंब लावून कोरड्या कापडाने पूस.

वाटीत पाणी जमलं की ते चमचाभर स्टीलच्या ताटलीत आटव, शेजारी पेटीतलंही आटव. पेटीतल्या पाण्याचा पांढरा थर राहतो, वाटीतल्याचा नाही. परीक्षकांना हे दाखवच. वाटीच्या ताटलीत पांढरं दिसलं तर पाणी ओतताना शिंतोडे उडाले असं समज आणि वाटी विसळून पुन्हा ठेव.

आणि बर्फाकडे लक्ष ठेव, त्यातच सगळी गंमत आहे. १ ग्रॅम वाफ ताटाखाली थेंब होताना जेवढी उष्णता सोडते, तेवढ्यात ७ ग्रॅम बर्फ वितळतो. वाटीत १० ग्रॅम पाऊस पडेपर्यंत ७० ग्रॅम तरी बर्फ त्यानेच नेलेला असतो. खऱ्या ढगात हीच उष्णता हवेला आणखी वर ढकलते. वळवाचे ढग दुपारी बघता बघता उंच चढतात ते याच जोरावर.

ताटाखाली थेंब होतात, पण ढग दिसत नाही. त्यासाठी वेगळी २ लिटरची प्लास्टिकची बाटली घे. दोन चमचे कोमट पाणी घाल, झाकण लावून दाब, सोड. जवळजवळ काहीच दिसणार नाही. आता पेटत्या उदबत्तीचा थोडा धूर आत घे, झाकण घट्ट लाव, दाब आणि एकदम सोड. हवा पसरते, गार होते आणि पांढरं धुकं उमटतं. बाष्पाला बसायला कण लागतो, तो धुराने दिला. याचंच मोठं रूप सोलापूरच्या आभाळात झालंय: पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात इथल्या ढगांच्या तळाशी विमानातून कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले. सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्के जास्त नोंदवला गेला. पण ढग आधी असावा लागतो. कोरड्या आभाळात कितीही कण सोडा, थेंब पडत नाही.

कोणी विचारलं की सोलापुरात पाऊस कमी का, तर मोसमी वारा सह्याद्री चढताना गार होऊन बाष्प तिकडेच रिकामं करतो आणि इकडे उतरताना किलोमीटरला जवळपास १० अंशांनी तापतो, हे सांग. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे, आपल्या जिल्ह्यात पाचशे-साडेपाचशे. उजनी भरते तीही मुख्यतः घाटमाथ्यावरच्या आणि पुणे जिल्ह्यातल्या पावसावर. म्हणून तुझी नदी जवळच्या समुद्राकडे वळवू नकोस. भीमा पूर्वेला जाते, कृष्णेला मिळते आणि ते पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं.

एक मोजमाप मात्र तू स्वतः कर, कारण ते पुस्तकात नाही. स्टीलच्या पेल्यात पाणी घे, बर्फाचे तुकडे एकेक टाकून ढवळ आणि पेल्यावर बाहेरून पहिली ओल धरते तेव्हाचं तापमान लिही. तो दवबिंदू. हवेच्या तापमानातून तो वजा कर आणि १२५ ने गुण, ढगाचा तळ किती मीटरवर असेल ते निघतं. ऑगस्टमध्ये हवा ३२ आणि दवबिंदू २२ असेल तर १२५० मीटर. एप्रिलमध्ये हवा ४१, दवबिंदू १२, म्हणजे ३६०० च्या वर; तिथून निघालेली सर खालच्या कोरड्या हवेत वाटेतच आटते. आठ दिवस रोज दुपारी तीनला सावलीत मोज आणि तक्ता प्रतिकृतीशेजारी लाव. ढवळताना पेल्यावर श्वास पडू देऊ नकोस, आकडा चुकतो.

तुझी
आई