बाटलीला मागची काच नसते

संपादक साहेब, नमस्कार.

महागड्या घड्याळांच्या कंपन्या आता परफ्युममध्ये उतरल्यात असा लेख तुमच्या पुरवणीत वाचला. लेख चांगलाय, पण तो 'आता' शब्द जरा खटकला कारण दागिने-घड्याळं करणाऱ्या व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सचं 'फर्स्ट' हे परफ्युम १९७६ सालचं आणि कार्टियेचं 'मस्ट' १९८१ चं, म्हणजे हे सगळं बऱ्यापैकी जुनंच प्रकरण आहे. कारणही उघड आहे, चांगलं मेकॅनिकल घड्याळ माणूस एकदा घेतो, सर्व्हिसिंग करत राहतो आणि पुढे मुलांना देऊन जातो, बाटली मात्र संपते. धंदा आहे, करू देत.

माझं दुखणं वेगळंच आहे. घड्याळ घ्यायला गेलं की हेच लोक सगळी कुंडली मांडतात, तासाला २८,८०० ठोके, ज्वेल (घर्षण कमी करणारे आतले बारीक खडे) किती, एकदा चावी दिली की किती तास चालणार, स्विस क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूक वेळेचं, सर्टिफिकेट असेल तर दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, त्याबाहेर नाही. वर पाठीमागे काच, आतलं बॅलन्स व्हील, म्हणजे ठोके देणारं चाक, लटलट हलताना बघत बसा. आणि त्याच नावाची बाटली उलटी करून बघा, अल्कोहोल, पाणी आणि 'पारफम' म्हणजे नुसतं 'सुगंध', बास! पुढे लिमोनीन, लिनालूल वगैरे वासाच्या घटकांची नावं असतात पण तेही अ‍ॅलर्जीचा नियम आहे म्हणून. वास रचला कोणी, बनवला कोणी, डब्यावर बहुतेक वेळा पत्ताच नाही. पुष्कळदा तर घड्याळवाल्याने फक्त नाव भाड्याने दिलेलं असतं, पेन आणि घड्याळंवाल्या माँब्लाँचंच घ्या, २०१० च्या करारापासून त्यांचं परफ्युम पॅरिसची इंटरपरफ्युम्स बघते. यात लपवण्यासारखं काय आहे कळत नाही. गंमत म्हणजे जिनिव्हात रोलेक्स, पाटेक या घड्याळ कंपन्या आहेत तशीच जिवोदांही आहे, वास बनवणारी जगातली सगळ्यात मोठी कंपनी, पण काउंटरवर हे नाव कोणी घेत नाही.

कार्टियेला मात्र मानलं पाहिजे. २००५ पासून त्यांची स्वतःची परफ्युमर, म्हणजे वास रचणारी, आहे, मातिल्द लोराँ, आणि तिचं नाव उघड घेतलं जातं. २००९ पासून तिने तासांवर एक अख्खी मालिका केली, घड्याळात तास बारा आणि हिच्याकडे तेरा! तेराव्या तासाला चामडं आणि धुराचा वास, सगळ्यांना झेपणार नाही, पण निदान घड्याळ आणि वास यांचा काहीतरी संबंध लावलाय, नुसता लोगो चिकटवला नाही.

बाकी लेखात एक गोष्ट हवी होती. घड्याळासोबत येणारं ते जाडजूड पुस्तक कोणी वाचत नाही, मी पण नव्हतं वाचलं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला बकलजवळ रुपयाएवढा काळा डाग पडला आणि चामडं कडक होऊन तडकलं तेव्हा उघडलं, तर त्यात स्वच्छ लिहिलंय की चामड्याच्या पट्ट्याला परफ्युम लागू देऊ नका. आणि आता तीच कंपनी परफ्युम पण विकते! तेव्हापासून डाव्या हाताला घड्याळ आणि फवारा उजव्या मनगटावर असं चाललंय, नवा पट्टा अजून तरी ठीक आहे.

आपला एक वाचक