डोंबिवलीच्या काकांना, यामातोच्या निमित्ताने

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले असते तर तुम्ही ‘बरं बरं, जेवलास का?’ म्हणत विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

दिवाळीत मी यामातो घेतली, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी युद्धनौकेची, तामिया कंपनीची, जोडून बनवायची १:३५० प्रमाणातली प्लॅस्टिकची प्रतिकृती. विकणारा म्हणाला, ‘जहाज तेच आहे, फक्त खोकं जुनं.’ स्वस्तात मिळाली याचा आनंद इतका, की त्याच भरात पितळी रेलिंगचा फोटो-एच संच (पितळेच्या पातळ पत्र्यात कोरून काढलेले बारीक भाग) वेगळा मागवला. मूळ किटच्या जवळपास जाणारी किंमत! आणि बसवायला घेतलं तर काही केल्या जुळेना. डेकच्या कडेला कुठे रेलिंग अपुरं, कुठे बाहेर आलेलं. माझाच हात कच्चा असं समजून मी कापाकापी सुरू केली. तुम्हाला फोटो पाठवला तेव्हा दोन तुकडे आधीच वाया गेले होते. तुमचं उत्तर एका ओळीचं होतं: ‘कात्री खाली ठेव आणि रविवारी ये.’

त्या रविवारी तुम्ही तुमची अर्धवट यामातो कपाटावरून काढून माझीच्या शेजारी ठेवलीत. पट्टी लावली. दोन्ही ७५ सेंटिमीटर. खरं जहाज २६३ मीटरचं, त्यामुळे भागाकार बरोबरच येणार. मी म्हटलं, म्हणजे एकच की! तुम्ही म्हणालात, ‘उंची जुळली म्हणून पत्रिका जुळत नाही.’ मग एकेक करून दाखवलंत. माझा साचा १९७८ चा. तेव्हा मोटर बसवून पाण्यात सोडायचा विचार करून हल, म्हणजे जहाजाचा खालचा सांगाडा, बनवलेला. तुमची २०११ ची, क्रमांक ७८०२५, नव्याने काढलेल्या साच्याची, कपाटात शोभणारी. कंपनी तीच, नाव तेच, प्रमाण तेच, पण मधे ३३ वर्षं. रेलिंगचा संच जहाजाच्या मापाने नाही, साच्याच्या मापाने कापलेला असतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझा संच तुमच्या डेकवर अलगद बसला तेव्हा मला हसावं की रडावं कळेना.

खरी शिकवणी त्याच्यानंतर झाली. जुन्या किटची मुसाशी, म्हणजे यामातोची जुळी बहीण, करतो, नावाची पाटी तर बदलायची, असं मी बोलून गेलो. तुम्ही चष्मा काढलात. (चष्मा काढला की तासभर उठायचं नाही, हे आता मला माहीत आहे.) यामातो जपानातल्या कुरे बंदरात बांधलेली, मुसाशी नागासाकीत, जहाजं जुळी खरी, पण जन्मभर सारखी राहिली नाहीत. सुरुवातीला दोघींवरही १५५ मिलिमीटरच्या तोफांचे चार टरेट, म्हणजे फिरते बुरूज. १९४४ मध्ये बाजूचे दोन निघाले. यामातोवर त्या जागी १२७ मिलिमीटरच्या जादा विमानविरोधी तोफा चढल्या. मुसाशीच्या वाट्याला त्या आल्या नाहीत. तिथे २५ मिलिमीटरच्या तिहेरी तोफांवर भागवलं, आणि २४ ऑक्टोबर १९४४ ला ती सिबुयान समुद्रात बुडाली. म्हणजे ७ एप्रिल १९४५ ला बुडालेल्या यामातोच्या भागांवर मुसाशीची पाटी लावली असती, तर तिला कधीच न मिळालेल्या तोफा मी देऊन टाकल्या असत्या. कुरेच्या संग्रहालयातल्या १:१० च्या, तब्बल २६.३ मीटर लांब यामातोचे तुमचे फोटो मोठे करून तुम्ही तोफा मोजायला लावल्यात. मी दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा बरोबर आलो.

आता मी किट घेताना आधी साचा कुठल्या सालचा ते विचारतो, आणि जहाज कुठल्या तारखेचं करायचं ते ठरवतो. दुकानदार वैतागतात.

तो रेलिंगचा संच तुम्ही पूर्ण पैसे देऊन ठेवून घेतलात, दोन तुकडे कमी असतानाही. त्याबद्दल बोलायचं नाही अशी तुमची ताकीद आहे, पण लिहायचं नाही असं कुठे म्हणालात?

आणि जुनी किट विकून टाकू का, असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, ‘ज्यासाठी जन्मली ते तरी तिला करू दे.’ तर काका, मोटर बसवली. परवा सोसायटीच्या टाकीवर पहिली फेरी झाली. वॉचमनसकट पाच प्रेक्षक होते. चालते छान, पण डावीकडे कलते. आत शिसं किती आणि कुठे ठेवायचं, ते सांगायला रविवारी याल का? काकूंनाही आणा. चहा माझ्याकडे.

तुमचा,
कात्री खाली ठेवलेला