सिएटलहून काकांना: मत नाही, पण शंभर डॉलरची कुपनं आहेत

ती. काका,
सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की तिकडे अमेरिकेतल्या निवडणुकीत एवढा पैसा येतो कुठून आणि कोणी अडवत कसं नाही, ते फोनवर नीट सांगता येईना म्हणून सवडीने लिहितोय.

राष्ट्राध्यक्षाचं तुम्हाला माहितीच आहे, राज्याराज्यांतून निवडलेले ५३८ इलेक्टर म्हणजे प्रतिनिधी मत देतात, त्यातली २७० मिळाली की जिंकला, आणि २०१६ ला हिलरी क्लिंटनना ट्रम्पपेक्षा २८ लाखांहून जास्त मतं पडली तरी त्या हरल्या. ते सोडा, मला इथली शहराची निवडणूक सांगायचीय.

आमच्या वॉशिंग्टन राज्यात मतपत्रिका पोस्टाने घरी येते, साधारण अडीच आठवडे आधी. शेजारच्या आजी जेवणाच्या टेबलावर ती पसरून बसतात, बाजूला सरकारने पाठवलेली उमेदवारांची माहितीपुस्तिका, एकेकाचं वाचायचं आणि काळ्या पेनाने नावासमोरचा गोल भरायचा, घाई अजिबात नाही. मग पाकिटात घालून पाकिटावर सही करायची, तिकीटसुद्धा लावावं लागत नाही. ती सही नोंदणीच्या सहीशी ताडून बघतात, आणि जुळली नाही तर मत लगेच बाद करत नाहीत, आधी मतदाराला कळवून दुरुस्त करायला वेळ देतात. हे मला फार आवडलं. एकच आहे, मतदानाच्या दिवशी टाकलेली पाकिटंही चालतात त्यामुळे मोजणी बरेच दिवस चालते आणि पहिल्या रात्री पुढे असलेला नंतर मागे पडू शकतो.

आता पैसा. उमेदवाराला थेट द्यायला मर्यादा आहे, २०२४ ला राष्ट्रीय निवडणुकीत एका माणसाने एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त ३,३०० डॉलर, आणि कंपन्यांना तर १९०७ पासून थेट देताच येत नाही. पण २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने सिटिझन्स युनायटेड खटल्यात सांगितलं की उमेदवाराच्या हातात न देता बाहेरून स्वतंत्र प्रचार करायचा तर कंपनीलाही खर्चाची मर्यादा घालता येणार नाही. त्यानंतरच सुपर पॅक आले, म्हणजे असा बाहेरून प्रचार करायला हवा तेवढा पैसा गोळा करणारे गट. २०२४ ला एकट्या इलॉन मस्कनी २५ कोटी डॉलरच्या वर ओतले. उमेदवाराशी संगनमत करायचं नाही हा नियम आहे, पण दोघांनाही काय हवंय ते उघड असतं, त्यामुळे माझ्या मते हा नियम फार पोकळ आहे.

म्हणूनच सिएटलने जे केलं ते मला मोठं वाटतं. २०१५ मध्ये लोकांनी मतदान करून डेमोक्रसी व्हाउचर आणले आणि २०१७ पासून ते वापरात आले. शहराच्या निवडणुकीच्या वर्षी प्रत्येकाला २५ डॉलरची चार कुपनं, पैसा मालमत्ता करातून. आपल्याला पटेल त्या उमेदवाराचं नाव घालून सही करून द्यायचं, मग शहर त्या उमेदवाराला पैसे देतं. उमेदवाराने आधी छोट्या देणग्या आणि सह्या गोळा करायच्या आणि खर्चाची मर्यादा मान्य करायची, तरच कुपनं घेता येतात. आणि कोणी कोणाला दिलं हे सगळं जाहीर असतं.

काका, ही कुपनं ग्रीन कार्डवाल्यांनाही, म्हणजे माझ्यासारख्या कायम राहणाऱ्या पण नागरिक नसलेल्यांनाही मिळतात. मला मत नाही, तरी मागच्या निवडणुकीत नगरसेवकपदाची एक उमेदवार आमच्या बिल्डिंगमध्ये दारोदार फिरत आली, मी सांगितलं की मला मतदान करता येत नाही, तरी ती गेली नाही, भाडं किती वाढलं, बस वेळेवर येते का, सगळं विचारून वहीत लिहून घेतलं आणि मग कुपनाचं विचारलं. मी दोन तिथेच सही करून दिली. भाड्याच्या घरात राहणाऱ्याच्या दारात उमेदवार पैशासाठी येतो, हे मी आधी कुठेच बघितलं नव्हतं.

आता याने सगळं सुटलं असं नाही. बाहेरून प्रचार करणाऱ्यांना हे कुपन अडवू शकत नाही. २०१९ ला इथल्या चेंबर ऑफ कॉमर्सच्या, म्हणजे व्यापारी संघटनेच्या, प्रचार गटाला (पॅकला) ॲमेझॉनने सुमारे १५ लाख डॉलर दिले, एका शहराच्या नगरसेवकांच्या निवडणुकीसाठी! ज्यांना पाडायचं होतं त्यात तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत होत्या, जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत. पहिल्या रात्री त्या मागे होत्या, नंतरची पाकिटं मोजता मोजता पुढे गेल्या आणि निवडून आल्या. त्यांची सगळी मतं मला पटतात असं नाही, पण एवढा पैसा समोर असताना त्या जिंकल्या याचा आनंद झाला.

आपल्याकडे विधानसभेला उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे पण पक्षाच्या खर्चाला काहीच नाही, आणि इलेक्टोरल बॉण्ड सुप्रीम कोर्टाने २०२४ ला रद्द केले तेव्हा तुम्ही किती खूश होता ते आठवतंय. तुम्ही इतकी वर्षं पंचायतीच्या निवडणुका जवळून बघताय, अशी कुपनं आपल्याकडे दिली तर लोक विकतील का हो? इथे विकणं गुन्हा आहे. तुम्हाला खरंच काय वाटतं ते सविस्तर लिहा, व्हॉट्सॲपवर नको, लांब लिहा.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
बाळू