मराठी शिकवणाऱ्यांनो, व्हिडिओत आधी मराठी बोला

महोदय,

ठाण्यातल्या एका शाळेत 26 वर्षं मराठी शिकवून मी निवृत्त झाले. गेली दोन वर्षं घरूनच ऑनलाइन मराठी शिकवते. माझ्यासारख्या आणखीही काही जणी आहेत, ऐरोली-वाशीकडच्याही, आणि आम्ही एकमेकींचे व्हिडिओ आवर्जून बघतो. या कामात सगळ्यात आधी लागतो तो परिचयाचा व्हिडिओ. त्यातच आपण आपली भाषा मागे ठेवतो, ही गोष्ट मला फार दिवस खुपते आहे. म्हणून हे पत्र.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शिकू इच्छिणारा माणूस संकेतस्थळावर भाषा निवडतो, समोर शिक्षकांची यादी येते, तो एकेकाचा व्हिडिओ लावून बघतो. पटलं तर पहिला तास घेतो, नाही तर पुढच्याकडे जातो. मी नाव नोंदवलं तिथे अट होती एक ते तीन मिनिटांची. फोन आडवा धरून चित्रण हवं, आणि फोन नंबर किंवा ईमेल कुठेही दिसता कामा नये.

पहिला व्हिडिओ मी एका स्टुडिओत जाऊन करून घेतला. चांगले पैसे मोजले. त्यांनी मागे पुस्तकांचं चित्र लावलं, सतारीचा तुकडा टाकला आणि इंग्रजीत लिहिलेला मजकूर माझ्याकडून वाचून घेतला. माझं शिक्षण, माझा अनुभव, मराठी किती प्राचीन भाषा आहे, सगळं इंग्रजीत. अडीच मिनिटांत मराठी शब्द एकच, सुरुवातीचा ‘नमस्कार’. शेवटी त्यांनी माझा फोन नंबर मोठ्या अक्षरांत टाकला होता, त्यामुळे व्हिडिओ नाकारला गेला. तो भाग कापून पुन्हा पाठवला. चार महिन्यांत दोन जणांनी चौकशी केली, तास कुणीच घेतला नाही.

मे महिन्यात पुण्याहून भाची राहायला आली होती. तिनं तो व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, “मावशी, तू वर्गात अशी बोलत नाहीस.” मला ते लागलं, कारण खरं होतं.

दुसरा व्हिडिओ आम्ही पाचपाखाडीतल्या घरी, स्वयंपाकघरात केला. दुपारी दोन ते साडेतीन ही आमच्या इमारतीतली शांत वेळ. त्याआधी कुकरच्या शिट्ट्या असतात आणि नंतर शाळेच्या बसचे हॉर्न सुरू होतात. पंखा बंद केला, फ्रिजही तेवढ्यापुरता बंद केला, कारण त्याची घरघर आपल्याला जाणवत नाही पण माइकला ऐकू येते. भिंतींमुळे आवाज घुमत होता, म्हणून समोरच्या कपाटावर गोधडी टाकली. ओट्यावर तांदळाचा डबा, त्यावर पोळपाट उभा आणि त्याला टेकवून फोन, म्हणजे फोन नेमका डोळ्यांच्या उंचीवर आला. खिडकी मागे असेल तर चेहरा काळा पडतो, म्हणून मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. एवढं करूनही माझी नजर सारखी पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे जायची. भाचीनं माझ्या पाकिटातली एक टिकली काढून लेन्सच्या अगदी शेजारी चिकटवली आणि सांगितलं, “हिच्याशी बोल.” त्यानंतर मी खरंच कुणाशी तरी बोलू लागले.

बोलले ते एवढंच: “मी आता चहा करते. आधी आधण ठेवते. एक चमचा साखर घालते. तुम्हाला गोड आवडतो? मग दोन चमचे.” वेग थोडा कमी ठेवला, पण शब्द तोडले नाहीत. खाली इंग्रजीत ओळी दिल्या. शेवटची वीस-पंचवीस सेकंदं, मी कुणाला शिकवते आणि तास कसा घेते, हे साध्या इंग्रजीत सांगितलं.

आता हे वाक्य मोठ्यानं म्हणून पाहा. ‘चहा’तला च टाळूचा, ‘चमचा’तले दोन्ही च दातांचे, आणि ‘चमचे’ म्हटलं की दुसरा च पुन्हा टाळूवर जातो. लिहायला अक्षर एकच. ‘माझा’ आणि ‘माझी’मधल्या झ चंही तसंच. आपण जन्मभर हे बोलतो आणि आपल्या लक्षातही येत नाही. शिकणाऱ्याच्या कानाला मात्र हाच मराठीचा नाद आहे. तो इंग्रजी मजकुरातून कसा पोचणार?

त्या व्हिडिओनंतर पहिल्या महिन्यात पाच जणांनी तास घेतले. त्यातल्या एकीबद्दल सांगायलाच हवं. ती इस्रायलमध्ये अश्दोदला राहते, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या घरातली. आजी-आजोबा ठाण्याचे. टेंभी नाक्याजवळचं 1879 सालचं सिनेगॉग आपल्यापैकी कित्येक जण रोज रिक्षातून ओलांडतात, तिच्या घरच्यांचं सगळं आयुष्य त्याच्या आसपास गेलं. तिनं पहिल्याच तासाला सांगितलं की ‘आधण’ या शब्दापाशी तिनं व्हिडिओ थांबवला आणि तीन वेळा मागे नेऊन ऐकला. आजी रोज म्हणायची तो शब्द. आजी गेल्यावर तो तिनं कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि अर्थ विचारायला घरात कुणी उरलं नव्हतं. मी तिला अर्थ सांगितला, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही.

मैत्रिणी मला विचारतात, ज्याला मराठी येतच नाही त्याच्यापुढे मराठी बोलून त्याला काय कळणार? कळणार नाही, ऐकू येणार. गाणं शिकायला जाणारा माणूस आधी गुरूचा आवाज ऐकतो, पदव्या नंतर विचारतो. माझ्याकडे मराठी घरात लग्न होऊन आलेल्या मुली येतात, परदेशात वाढलेली आपलीच नातवंडं येतात, बदली होऊन मुंबईत आलेले बँकेतले लोक येतात. या प्रत्येकाला सासूशी, आजीशी, खिडकीसमोर उभ्या असलेल्या ग्राहकाशी बोलायचं असतं. शिक्षिका कशी बोलते हेच त्यांना पाहायचं असतं. आणि बोलायचं ते घरातलं मराठी. ‘मी आपणांस मराठीचे अध्यापन करीन’ असं घरात कोणी म्हणत नाही. मालवणी, वऱ्हाडी, आगरी, जी बोली तुमची असेल तिचा हेल लपवू नका, असं मी तर सांगेन.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. मलाही अतिशय आनंद झाला. पण भाषेच्या नावानं होणारे कार्यक्रम म्हणजे अजूनही भाषणं, कवी संमेलनं आणि सत्कार. मराठी शिकवून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या, त्यासाठी फोनसमोर पहिल्यांदाच उभ्या राहणाऱ्या बाईला मदत करणारं कुणी नाही. ती स्टुडिओला पैसे देते आणि इंग्रजी मजकूर वाचून घरी येते.

ठाणं हे 1893 पासून मराठी ग्रंथ संग्रहालय चालवणारं गाव आहे. इथल्या आणि नव्या मुंबईतल्या वाचनालयांना, महापालिकेच्या अभ्यासिकांना माझी विनंती आहे की आठवड्यातून एक दुपार एखादी बंद खोली अशा शिक्षकांना वापरायला द्यावी. जाड पडदे, एक साधा दिवा, फोन उभा करायला स्टँड आणि दाराबाहेर ‘शांतता राखा’ची पाटी एवढं पुरे. छोटी फी घेतली तरी हरकत नाही. घरी अशी तासाभराची शांतता मिळणं चाळीत किंवा दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या बाईला शक्य नसतं, हे मी जवळून पाहिलं आहे. वर्तकनगरची माझी एक मैत्रीण उत्तम शिकवते, पण घरात सात माणसं आहेत, आणि तिचा व्हिडिओ अजून झालेला नाही.

अशी खोली कुणी उपलब्ध करून दिली, तर रविवारची दुपार मी द्यायला तयार आहे. कॅमेऱ्यासमोर कसं उभं राहायचं आणि काय बोलायचं ते दाखवीन. मानधन नको.

– एक निवृत्त मराठी शिक्षिका, पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)